नाव न विचारणारी अक्का

सकाळी आठला अॅनिमल हाउसच्या दाराजवळच्या खिळ्याला हिरव्या बांगड्या लटकलेल्या दिसल्या, की समजायचं, अक्का आत आहे. बांगड्या काचेच्या. रोज काढता-घालता याव्यात म्हणून ती मुद्दाम एक माप मोठ्या घ्यायची. आत त्या वाजल्या तर उंदीर दचकतात, एवढंच कारण. कॉलेजात झाडू मारणाऱ्या बायका तिला टोमणे मारायच्या. "नवरा जित्ता शे आनि हात भुंडे!" अक्का म्हणायची, "नवराले चालस. तुमले काय व्हस?" आणि आत निघून जायची.

जळगावहून नशिराबादकडे जाताना हायवेला लागून आमचं फार्मसी कॉलेज. मी तिथे एम. फार्म.ला होतो. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला, त्यामुळे पांढरा कोट घालून आरशात बघायला मला लाज वाटत नसे, अजूनही वाटत नाही. माझा समज असा, की जे काही शिकायचं ते वर्गात, फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसाकडून. अॅनिमल हाउस, म्हणजे प्रयोगाचे उंदीर ठेवायची जागा, कॉलेजच्या मागे, जनरेटरच्या शेडला लागून होतं. तिथे पिंजरे धुणारी, भुसा बदलणारी, पाण्याच्या बाटल्या भरणारी बाई आपल्याला काही शिकवील असं माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं.

पहिल्याच दिवशी तिनं मला दारात अडवलं. "हात दखाड."

मी हात पुढे केला. तिनं वास घेतला.

"सेंट लायेल शे. धुई ये."

धुऊन आलो. परत वास घेतला, मग विचारलं, "गाव?"

"नेर."

"म्हंजे मन्हीच गाडी." तिचं गाव साक्रीच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला. धुळ्याहून साक्रीला जाणारी बस नेरवरून जाते. त्या दिवसापासून मी तिच्यासाठी नेर झालो. नावं ती वापरायची नाही. माझ्याबरोबरचा योगेश हा मेहरूण, कविता ही नशिराबाद. "ए मेहरूण, दार लाव." "नशिराबाद, तुना भुसा सांडना."

तिच्याबद्दल यापलीकडे फारसं कुणाला माहीत नव्हतं. बारा वर्षांपूर्वी झाडूवाली म्हणून आली. पांढऱ्या उंदरांच्या खोलीत कुणी टिकत नव्हतं, वासानं पळून जायचे, ही टिकली. नोकरी कंत्राटीच राहिली. आमच्याशी अहिराणीत बोलायची, साहेब लोकांशी पुस्तकी मराठीत, शब्द मोजून.

कुणाला वाटेल, प्राण्यांच्या खोलीतली बाई म्हणजे मायाळू असेल. अक्का मायाळू नव्हती. एकाही उंदराला तिनं कधी नाव दिलं नाही, कुणाला देऊ दिलं नाही. कविता पहिल्या आठवड्यात पिंजऱ्यापुढे उभी राहून "बिचारा, किती लहान आहे" म्हणाली, तर अक्का तिच्यावर खेकसली, "बिचारा म्हनू नको. पानी बदल." आम्ही हसलो. कविता रडवेली झाली. पण त्या बाटलीच्या नळीला खरोखरच बुडबुडा अडकला होता आणि पाणी येत नव्हतं. जळगावचा उन्हाळा. संध्याकाळपर्यंत तो उंदीर गेला असता.

खोलीला कूलर होता. वॉचमनला ते फार लागायचं. "उंदरांना कूलर, आम्हाला पंखा बी नाही, काय न्याय आहे अक्का?" अक्का म्हणाली, "तू बी पिंजरामा बठ. तुले बी लावसू."

एकदा तिनं मला आतच येऊ दिलं नाही. घरून फोन आला होता, वडिलांशी जोरात भांडण झालं होतं, तसाच तणतणत डोस द्यायला गेलो. नळीनं तोंडातून औषध द्यायचं, त्यासाठी उंदीर मानेमागे धरावा लागतो. पकड घट्ट झाली तर त्याचा श्वास अडकतो, सैल झाली तर तो चावतो आणि नळी भलतीकडे जाते. अक्कानं माझ्या मनगटाला हात लावला.

"तापेल शे. आज मजार येऊ नको."

"अक्का, आज डोस नाही दिला तर माझा अख्खा डेटा जाईल."

"आनि या हातखाल दिधा तर त्याना जीव जाई. नशिराबाद देई तुना डोस. तू भायेर बस."

मी बाहेर पायरीवर बसलो. रागच आला होता. एका सातवी नापास बाईनं मला, एम. फार्म.च्या विद्यार्थ्याला, दाराबाहेर बसवलं. तासाभरानं तिनं चहा आणून ठेवला आणि पिंजरे धुवायला गेली. दुसऱ्या दिवशी आत जाताना मी आपण होऊन हात पुढे केला.

आता पाटीबद्दल. दाराच्या आतल्या बाजूला तिनं एक दगडी पाटी टांगली होती, लहान मुलांची असते तशी, लाकडी चौकटीची. ज्याच्या हातून जे चुकलं ते त्यानं पाटीवर लिहायचं. नाव लिहायचं नाही. अक्का वाचायची, जे करायला हवं ते करायची, पाटी पुसायची. "कोन्ही लिखं ते माले सांगू नको. काय व्हयनं ते लिख." हा तिचा एकच नियम, पण तो तिनं कधी मोडला नाही. कुणाच्या हातून उंदीर पडला, कुणी दोन पिंजऱ्यांची अदलाबदल केली, कुणी शनिवारी पाणी भरायला विसरला, सगळं पाटीवर यायचं. पाटीवरची पहिली चूक तिचीच होती म्हणे. मोडक्या अक्षरात तिनं लिहिलं होतं, "दार उगड राहीलं". कॉलेजातले मोठे लोक ती पाटी बघून हसायचे. पण आम्ही लिहायचो. लिहिलं की अर्ध्या तासात चूक निस्तरली जायची आणि वर कुणी तोंड वेंगाडून बघायचं नाही.

प्रयोगाचा शेवटचा दिवस वाईट असायचा. प्रयोग संपला की उंदरांना बेशुद्ध करून मारायचं, मग आतले अवयव तपासायचे. ते आमच्या अभ्यासातच होतं. या दिवसाची अक्काची पद्धत ठरलेली. एका वेळी एकच उंदीर आणायचा, बाकीचे पिंजरे दुसऱ्या खोलीत, कारण "दुसराले दिसाले नको." मधे टेबल धुवायचं. आणि हे काम कुणी एकट्यानं करायचं नाही. दुसरा माणूस शेजारी उभा पाहिजेच. संपल्यावर सगळ्यांनी पायरीवर बसून चहा प्यायचा आणि होस्टेलला जाताना कुणी एकटं जायचं नाही.

पहिल्या वेळी कविताचा हात इतका थरथरला की तिला सुई धरता येईना. आमचे विभागप्रमुख, त्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, ते दारात उभे होते. म्हणाले, "काय कविता, फार्मसीला आलीस की नाटकाला?"

आम्ही दोघं-तिघं हसलो. अक्का टेबल पुसत होती, तिनं फडकं खाली ठेवलं.

"साहेब," पुस्तकी मराठीत म्हणाली, "जिचा हात थरथरतो तिला शिकवता येईल. ज्याचा थरथरत नाही त्याच्यावर मी लक्ष ठेवते."

सर निघून गेले. ते वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही. नशिराबादच्या पोरीला फी भरायला अडचण आली तेव्हा त्यांनीच धावपळ केली होती. पण ते घाबरट होते. मागच्या तपासणीत समितीनं अॅनिमल हाउसवर शेरा मारला होता आणि यंदा पुन्हा मारला तर मान्यता जाईल अशी त्यांना धास्ती होती.

म्हणून तपासणीला सहा महिने असतानाच ते आले आणि पाटी खिळ्यावरून काढली. त्या दिवशी तिच्यावर लिहिलं होतं, "काल दोन पिंजऱ्यांत खाणं घालायचं राहिलं."

"अक्का, अहो हा आपल्याविरुद्धचा पुरावा आहे. तो आपण दारावर टांगून ठेवलाय!"

त्यांनी बोटानं पाटी पुसली आणि बगलेत धरून घेऊन गेले. दुसऱ्या आठवड्यात तिच्या जागी छापील अर्जांची फाइल आली. त्रुटी अहवाल. नाव, रोल नंबर, चुकीचं स्वरूप, सही, मार्गदर्शकांचा शेरा. ज्याच्या नावावर एक जरी अहवाल होईल त्याचा प्रबंध त्या वर्षी घेतला जाणार नाही.

पाच महिने फाइल कोरी राहिली. मीटिंगमध्ये सरांनी ती उघडून दाखवली. टाळ्या झाल्या. मागे उभी राहून चहाचे कप गोळा करणारी अक्का मला हळूच म्हणाली, "चुका सरन्यात नही भो. लपन्यात."

मे महिन्यात ते घडलं.

सरांचा स्वतःचा एक मोठा प्रयोग चालू होता. अठरा उंदीर. औषध आम्ही तिघं द्यायचो, मी, योगेश, कविता. ज्याला वेळ असेल त्यानं द्यायचं आणि तक्त्यावर सही करायची. त्या शनिवारी अक्का गावाला गेली होती, बहिणीच्या घरी लग्न होतं. सरांनी तोंडी सांगितलं होतं, "जा, सोमवारी या. रविवारी वॉचमन बघेल." वॉचमन दाराच्या काचेतून बघायचा, आत जायचा नाही.

शनिवारी दुपारी मी लायब्ररीत होतो. योगेश आला, माझ्या समोरच्या खुर्चीत बसला. त्याच्या चेहऱ्यावर रंग नव्हता.

"दहापट झालं यार. औषध पातळ करताना एक शून्य चुकलं. अठराच्या अठरांना दिलं."

"मग?"

"काही पडून आहेत. काही आचके देतायत."

"अक्काला फोन कर."

"ती साक्रीला आहे. अन् केला तरी डॉक्टरला बोलवावं लागेल, सरांना कळवावं लागेल, अहवाल लिहावा लागेल. एक अहवाल पुरतो. वर्ष जाईल माझं. घरी काय सांगू?" मग म्हणाला, "तू कुणाला बोलू नको."

त्याला मी गप्प बसेन असं वचन दिलं नाही आणि उठून डॉक्टरांना फोनही केला नाही. जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर अॅनिमल हाउसच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता. मी पुस्तकात डोकं घातलं. योगेश घरी मेहरूणला निघून गेला.

सोमवारी सकाळी आठला अक्कानं दार उघडलं.

मी सव्वाआठला गेलो तेव्हा ती जमिनीवर उकिडवी बसली होती. तेरा मेलेले होते. पाच जिवंत होते, पण ते जिवंत म्हणायचे एवढंच. एकाची नखं जाळीत अडकली होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "डॉक्टरले फोन लाव." मी लावला. डॉक्टरांनी फोनवरून सांगितलं तसं तिनं त्या पाचांना एकेक करून कायमचं शांत केलं. मी शेजारी उभा राहिलो. तिचा हात थरथरत होता.

झाल्यावर ती बोलली.

"मरन त्यास्ना नशिबमा व्हतंच. ते माले बी माहीत शे. पन दोन दिन? दोन दिन रे?"

प्रत्येक पिंजऱ्याला पाण्याच्या दोन-दोन बाटल्या लावलेल्या होत्या. एरवी एक असते. "जो कोन व्हई," ती म्हणाली, "त्याले बी वाईट वाटेल शे. जाताना दुप्पट पानी लायी गया." बाटल्या कशा लावल्यात, झाकणाची कडी कुठल्या बाजूला फिरवली, हे बघून कोण ते तिला तेव्हाच कळलं असणार. आमच्या प्रत्येकाचा हात तिला ओळखू यायचा.

दुपारी सर आले. प्रयोग त्यांचा, पैसे बाहेरच्या संस्थेचे. विद्यार्थ्याच्या हातून दहापट डोस गेला असं निघालं असतं तर त्यांनी औषधाचं काम कुणावर सोपवलं होतं, तक्त्यावर सही का नव्हती, हे सगळं निघालं असतं. त्यांनी लिहिलं, उष्माघात, आणि देखरेखीत हयगय. बाटल्या धुऊन टाकायला सांगितल्या. मेलेले उंदीर दुपारीच जाळायला पाठवले. डॉक्टर मंगळवारी प्रत्यक्ष आले तेव्हा बघायला काही नव्हतं.

चौकशी शुक्रवारी ठेवली. मधल्या चार दिवसांत अक्कानं आम्हा तिघांना एकत्र बसवून एकदाच सांगितलं, "ज्यानं व्हयनं त्यानं सांगा. मी संगे येसू साहेबकडे. एकटं जाऊ देवाव नही." योगेश खाली बघत होता. कविताला खरंच काही माहीत नव्हतं, ती भाबडेपणानं म्हणाली, "अक्का, मी तर शनिवारी आलेच नव्हते." मी उठून पाण्याची बाटली भरायला घेतली.

बुधवारी नळावर मी हात धूत होतो. ती बादली भरायला आली.

"नेर, काही सांगनं शे का?"

"नाही अक्का."

तिनं बादली भरेपर्यंत वाट पाहिली. मग उचलून गेली.

चौकशीला प्राचार्य, सर आणि डॉक्टर होते. मला आधी बोलावलं. शनिवारी तुम्ही कुठे होता? लायब्ररीत. अॅनिमल हाउसमध्ये काही पाहिलंत? नाही. मी पाहिलं नव्हतं, ऐकलं होतं. प्रश्नाचं उत्तर बरोबर दिलं असं मला त्या वेळी वाटलं, आणि आपण शिकलेले आहोत याचा थोडा अभिमानही वाटला. दाराबाहेर येऊन बाकावर बसलो. दार अर्धवट उघडं होतं, आतलं सगळं ऐकू येत होतं.

"अक्का," प्राचार्य म्हणाले, "तुम्ही रजेचा अर्ज दिला नव्हता."

"साहेबांनी तोंडी सांगितलं होतं."

सर म्हणाले, "मी सोमवारी लवकर या म्हणालो होतो. जा असं म्हणालो नव्हतो."

मग अक्का म्हणाली, "बरं. पण पाणी होतं, साहेब. दुप्पट होतं. उन्हानं मेले नाहीत ते. कूलर चालू होता."

डॉक्टर म्हणाले, "मग कशानं मेले? तुमच्या मते?"

"औषधानं."

"कुणी दिलं?"

"ते मला माहीत आहे."

"मग सांगा ना," प्राचार्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "नाव सांगा आणि मोकळ्या व्हा. तुमच्यावर काही येणार नाही."

"नाही सांगणार."

"अहो, तुमची नोकरी जाईल."

"बारा वर्षं मी पोरांना सांगितलं, चूक लिहा, नाव विचारणार नाही. पोरांनी लिहिलं. तुम्ही पाटी नेली, तेव्हापासून नाही लिहिलं. आता मी नाव सांगितलं तर ती बारा वर्षं खोटी झाली. ज्यानं केलं तो येईल तर येईल. मी आणणार नाही."

"ही भावनिक भाषा झाली," सर म्हणाले.

"असेल, साहेब."

हयगय कबूल असल्याच्या कागदावर तिनं सही केली नाही. नाही केली तरी काही फरक पडला नाही, कारण ती कंत्राटावर होती. कंत्राटदाराला एक फोन पुरला. शनिवारी सकाळी ती सामान न्यायला आली. सामान म्हणजे एक टॉवेल, चहाचं पातेलं आणि चपला. नव्या माणसाला कूलरमध्ये पाणी कुठून भरायचं ते दाखवलं, बाटलीच्या नळीतला बुडबुडा बोटानं टिचकी मारून कसा काढायचा ते दाखवलं. तो मान हलवत होता आणि मोबाइल बघत होता. योगेश त्या दिवशी कॉलेजात आलाच नाही.

योगेश पास झाला. आता एका कंपनीत आहे, बरा आहे, दिवाळीला शुभेच्छा पाठवतो. मीही पास झालो. आईनं पेढे वाटले. त्या वर्षी तपासणी समितीनं आमच्या अॅनिमल हाउसला चांगला शेरा दिला. फाइल कोरी होती.

दोन वर्षांनी दिवाळीनंतर धुळ्याच्या बसस्टँडवर अक्का दिसली. आधी ओळखलीच नाही. उन्हानं काळवंडली होती, बोटांना चिरा पडल्या होत्या. दोन्ही पायांच्या मधे पिशवी धरून उभी होती.

"अक्का!"

"नेर! मोठा व्हयना रे." तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नोकरी लागनी?"

"लागली. तुम्ही काय करताय?"

"कापूस येचाले जास लोकेस्ना वावरमा. आते तेच." मग लगेच विचारलं, "नशिराबाद कशी शे?"

"लग्न झालं तिचं. शिकवते आता."

"बरं व्हयनं."

मला वाटलं, आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही. मी म्हणालो, "अक्का, मला माहीत होतं. शनिवारी दुपारीच माहीत होतं. त्यानं मला लायब्ररीत सांगितलं होतं."

"माले माहीत शे."

"कसं?"

"सोमवारले तू पिंजराकडे दखं नही. मन्हाकडे दखं." ती बसच्या पाट्या वाचत होती. "मी त्यानी वाट नही दखी रे. तो पोऱ्या घाबरेल व्हता, त्यानं वरीस जातं. मी चार दिन तुनी वाट दखी. तुनं काय जातं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होती, जसं एखाद्याला रस्ता विचारावा.

तेवढ्यात साक्रीची गाडी फलाटाला लागली. माणसं दाराकडे पळाली. अक्कानं पिशवी काखेत मारली, कोपरानं वाट काढत वर चढली आणि पायरीवरून मागे वळली.

"नेरलेच जाई राहिना ना? मंग चाल ना. याच गाडीमा बस."

"तुम्ही व्हा पुढे, अक्का," मी म्हणालो. "मी मागच्या गाडीनं येतो."

तिनं मान हलवली आणि आत गेली. कंडक्टरनं दार ओढून घेतलं, घंटी मारली. गाडी मागे वळत होती तेव्हा खिडक्यांतून आतलं दिसत होतं. ती ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसली होती. शेजारी जागा होती.